कारवानी पिल्लू घ्यावं का? घरात शेळ्या आहेत

निशिगंध:

नमस्कार मंडळी. बार्शीच्या बाहेर आमचं शेत आहे आणि तिथेच घर. माझ्या मामेसासऱ्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली आहेत, त्यातलं एक ते आम्हाला द्यायला तयार आहेत. आई आणि बाप दोन्ही त्यांच्याच घरचे. ते त्याला कारवानी म्हणतात. नवऱ्याने मोबाइलवर शोधलं तर फोटोत अगदी तसंच कुत्रं, पण खाली नाव ‘मुधोळ हाउंड’. शेजारचे दादा म्हणतात की मुधोळ वेगळं, ते लष्करात असतं, हे आपलं साधं शिकारी कुत्रं. सासऱ्यांचं म्हणणं, "राखणीला काय कामाचं? भुंकत नाही, दिवसभर झोपतं." आणि जाऊबाईंनी ऐकलंय की ते लहान मुलांना चावतं.

आमच्याकडे थोड्या शेळ्या आहेत, कोंबड्या आहेत, एक मांजर आहे आणि धाकटी मुलगी पाच वर्षांची आहे. कुंपण काटेरी तारेचं, कमरेइतकं. या जातीचा स्वभाव नेमका कसा असतो? आणि हे मूळचं कुठलं? ज्यांनी प्रत्यक्ष पाळलंय त्यांनी सांगितलं तर बरं होईल. नेटवरचं वाचून डोकं फिरलंय.

दख्खनी_वारा:

बिनधास्त घ्या ताई! विदेशी कुत्र्यांवर लाखो रुपये उधळणाऱ्यांना आपलं देशी रत्न दिसत नाही. २००५ साली पोस्टाने या जातीचं तिकीट काढलंय. २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी नाव घेतलं होतं. राखण, शिकार, घर, सगळ्याला एक नंबर. खर्च काही नाही, आजारी पडत नाही.

माळावरचा:

दख्खनी_वारा, तिकिटाचं आणि भाषणाचं खरं आहे, पण त्यावरनं ताईंना कुंपण किती उंच लागेल ते कळत नाही. ‘सगळ्याला एक नंबर’ असं कुत्रं अजून जन्माला यायचंय.

निशिगंधताई, मी जत तालुक्यातला. आमच्या घरात माझ्या आज्यापासनं ही कुत्री आहेत, आत्ताही एक कुत्री पायाशी पसरलीय. त्यामुळं जरा लांबण लावतो.

नावाचा घोळ आधी मिटवू. मुधोळ आणि कारवानी एकच. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर ते कारवान हाउंड, इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या कागदावर मुधोळ हाउंड. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं देशी कुत्र्यांच्या जाती नोंदवायला घेतल्या तेव्हा राजापालयम आणि चिप्पीपराईबरोबर हिचीही नोंद केली, ती मुधोळ नावानं. बागलकोटकडच्या माणसाला कारवान म्हटलेलं खपत नाही, लातूर-धाराशिवकडच्याला मुधोळ म्हटलेलं खपत नाही. कुत्र्याला कुठल्याही नावानं हाक मारा, त्याला यायचं असेल तेव्हाच ते येतं. कानाला आणि शेपटीला रेशमी केसांची झालर असेल तर त्याला पश्मी म्हणतात. तुमच्या मामेसासऱ्यांकडचं आखूड केसांचं असणार.

मूळ कुठलं? इराण-अरबस्तानातला सलुकी, अफगाणिस्तानाकडचा ताझी आणि हे, तिन्ही शेजारी उभे केले तर नातं सांगायला लागत नाही. दख्खनच्या सुलतानांच्या फौजांना घोडे अरबस्तानातनं आणि इराणातनं येत. समुद्रमार्गे बंदरात उतरायचे आणि तिथनं वर घाटावर चढायचे. घोड्यांबरोबर माणसं आली, माणसांबरोबर त्यांची कुत्री. पुढं व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ती गावोगाव पसरली. पण मला विचाराल तर आली कुठनं यापेक्षा टिकली कुठं हे जास्त बोलकं आहे. ती सह्याद्रीच्या झाडीत टिकली नाहीत, कोकणात तर नाहीच. टिकली ती विजापूर, जत, मंगळवेढा, सोलापूर, लातूर अशा पावसानं पाठ फिरवलेल्या उघड्या माळावर. जिथं नजर मैलभर जाते तिथंच डोळ्यानं शिकार करणाऱ्या कुत्र्याचा उपयोग. झाडीत नाकाचं कुत्रं लागतं.

आता मुधोळच्या राजांचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही कुत्री बेडर जमातीच्या शिकाऱ्यांकडं बघितली, म्हणजे आपल्याकडचे बेरड. त्यातली निवडून नीट पैदास करवली आणि इंग्लंडला गेले तेव्हा पंचम जॉर्जला एक जोडी नजर केली. तिथनं ‘हाउंड्स ऑफ मुधोळ’ हे नाव चालू झालं. मालोजीरावांचं श्रेय कुणी काढून घेऊ नये, त्यांनी लक्ष घातलं नसतं तर ही जात संकर होऊन कधीच विरून गेली असती. पण ज्यांनी पिढ्यानपिढ्या चांगली कुत्री चांगल्या कुत्रीला लावून रक्त राखलं, त्या बेडरांच्या वाट्याला या गोष्टीत एक ओळ येते. मला हे खटकतं. आता मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथं शास्त्रशुद्ध पैदास होते आणि पिल्लं दिली जातात. आजूबाजूच्या खेड्यांतली कितीतरी घरं याच कुत्र्यांवर चार पैसे कमावतात.

स्वभाव कळायला शिकार कशी चालायची ते कळलं पाहिजे, नाहीतर प्रत्येक गुण तुम्हाला खोड वाटेल. माझा आजा बहात्तरच्या दुष्काळापर्यंत शिकारीला जायचा. उजाडायच्या आत निघायचं, थंडीत, जोंधळा निघालेल्या रानात. दोन कुत्री एका दोरीत. दोरी गळपट्ट्यातनं नुसती ओवलेली, एक टोक सोडलं की दोन्ही मोकळी. पुढं एकजण काठीनं झुडपं बडवत जायचा. ससा उठला की आजा लगेच सोडायचा नाही, थोडं अंतर पडू द्यायचा. म्हणायचा, "पायाखाली सोडलं तर त्यात कुत्र्याचं काय कसब?" मग दोरी सुटायची. एक कुत्रं सशाला मागनं दाबायचं आणि दुसरं बाजूनं, ससा वळणार कुठं याचा अंदाज घेत, आडवं काटायचं. ससा सरळ पळत नाही, भर वेगात काटकोनात वळतो, आणि तिथंच कच्च्या कुत्र्याचं तोंड मातीत जायचं. जाणत्या जोडीत कोण दाबणार आणि कोण काटणार हे त्यांचं त्यांनी ठरवलेलं असायचं, माणसानं शिकवलेलं नाही.

हे कुत्रं पळतं तेव्हा एकेका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरनं सुटलेले असतात: एकदा पोटाखाली गोळा झालेले आणि एकदा पुढं-मागं ताणलेले. छाती खोल, पोट आत ओढलेलं, पाठीला कमान, ती या पळण्यासाठी. डोकं अरुंद आणि डोळे जरा बाजूला, त्यामुळं मान न वळवता फार मोठा पट्टा दिसतो. सगळा खेळ मिनिट-दोन मिनिटांत संपायचा. पुढं दिवसभर सावलीत पडून राहणं.

आता तुमच्या सासऱ्यांची तक्रार घ्या. दिवसभर झोपतं? झोपणारच, त्याचं अंग छोट्या जोराच्या धावेसाठी आहे, गस्तीसाठी नाही. भुंकत नाही? रानात भुंकणारं कुत्रं दोन शेतं पलीकडच्या सशाला उठवतं, असं कुत्रं कोण पुढं वाढवेल? हाक मारली तरी ऐकत नाही? एकदा सुटलं की माणूस पार मागं राहतो, पुढचे सगळे निर्णय त्याचे त्यानंच घ्यायचे, अशाच कुत्र्यांची पैदास इतकी वर्षं झालेली आहे. अल्सेशियन तुमच्या तोंडाकडं बघून विचारतं ‘आता काय करू?’ हे नाही विचारत.

माणसांच्या बाबतीत ते राखून असतं. घरातल्या एका, फार तर दोन माणसांचं होतं. बाकीच्यांना चालवून घेतं. परका माणूस आला तर अंगावर धावून जाणं क्वचित. मागं सरकतं, बाजूला उभं राहतं आणि त्याच्या खांद्यावरनं पलीकडं कुठंतरी बघत राहतं, जणू समोर कुणी नाहीच. पाहुण्यानं लाडात येऊन डोक्यावरनं हात फिरवायला जावं आणि यानं अंग चोरून निघून जावं, हे आमच्या घरात नेहमीचं. लोकांना तो माज वाटतो. काहींना घाबरट वाटतं, आणि लहानपणी माणसांत न वावरलेलं, नुसतं साखळीला बांधून वाढवलेलं कुत्रं खरंच घाबरट होतं. चावतं ते असलंच, भीतीनं. याला मारू नका. एकदा काठी बसली की मनातनं काढत नाही, तुम्हाला टाळायला लागतं.

मुलीचं म्हणाल तर पिल्लूपणापासनं दोघं बरोबर वाढली तर काळजी नाही, फक्त ते झोपलेलं असताना अंगावर पडायचं नाही हे पोरीला शिकवायचं. ढकलाढकलीचे, मिठ्या मारायचे खेळ याला आवडत नाहीत.

राखणीसाठी म्हणून घेत असाल तर घेऊ नका. लांबचं माणूस याला सगळ्यांच्या आधी दिसतं, उठून ताठ उभं राहतं, रात्री घशातनं गुरगुरतं, कधी भुंकतंही. पण ते तुम्ही ओळखायचं. आरडाओरडा करून गाव जागवायला गावठी कुत्रं ठेवा, बिचारं भाकरीवर इमानदारीनं करतं.

लष्कराचं शेजारच्या दादांनी ऐकलंय ते हेच कुत्रं. २०१६ साली मेरठच्या लष्करी केंद्रात तिम्मापूरहून पिल्लं नेली प्रशिक्षणाला. वास काढायचं काम लॅब्रॅडॉरच्या रक्तात आहे तसं याच्या नाही, हे माझं मत. त्यापेक्षा २०२१ मध्ये हवाई दलानं आग्र्याला धावपट्टीवरची पाखरं हुसकावायला पिल्लं नेली ते मला फार पटलं. उघडं मैदान, दिसेल त्याच्यामागं सुटायचं. कुणीतरी कुत्रं ओळखून काम दिलं.

कुंपण: कमरेइतकं काही उपयोगाचं नाही. हे खांद्याला सव्वादोन फूट उंच कुत्रं, उभ्या जागेवरनं तुमची तार ओलांडेल. आणि काटेरी तर नकोच. कातडी पातळ, वेगात अडकलं तर टाके घालायला न्यावं लागतं. पाच-सहा फूट उंच, साधी जाळी.

निशिगंध:

बापरे, इतकं सविस्तर! मनापासून आभार काका. तुम्ही शिकारीचं लिहिलंत तसं सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, "आमच्यात पण असंच सोडायचे." आता त्यांचा विरोध निम्मा मावळला आहे. दोन शंका राहिल्या. शेळ्या-कोंबड्यांचं काय? आणि मामेसासऱ्यांची कुत्री पाहिली तर तिच्या बरगड्या आणि कंबरेची हाडं दिसतात. ते उपाशी ठेवतात की काय अशी शंका आली, विचारायला संकोच वाटतो.

आणि एक. कुटुंबाच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलंय की मुधोळचे घोरपडे शिवाजी महाराजांच्या फौजेत ही कुत्री घेऊन असायचे. खरं का?

गुरांचा_डॉक्टर:

हाडांबद्दल मी सांगतो, रोज हाच प्रश्न येतो. या जातीच्या अंगावर चरबी फारच कमी असते. शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कंबरेची दोन टोकं दिसणं हे तब्येतीचं लक्षण आहे. पाठीच्या कण्याचे मणके मोजता आले, मांडीचा मास उतरलेला दिसला किंवा केस निस्तेज झाले, तर मात्र खाणं कमी पडतंय किंवा जंत आहेत. पिल्लं असलेली कुत्री अंगावर पाजत असते, तिची हाडं जरा जास्त दिसतात. उलट शहरातले लोक ‘हाडं दिसतात’ म्हणून याला खाऊ घालून गोल करतात आणि मग ते लंगडत माझ्याकडे येतं.

चरबी कमी असण्याचा खरा संबंध भूल देताना येतो. ग्रेहाउंडसारख्या या सगळ्या पळणाऱ्या जातींमध्ये भुलीची काही जुनी औषधं, विशेषतः थायोपेंटोन, अंगातून फार हळू उतरतात आणि कुत्रं तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. आता सुरक्षित औषधं आहेत. तुम्ही कुत्रीची नसबंदी करायला न्याल तेव्हा डॉक्टरांना जात आवर्जून सांगा, ‘गावठी आहे’ असं सांगून मोकळे होऊ नका. थायरॉईडच्या तपासणीतही या जातींचे आकडे इतर कुत्र्यांपेक्षा कमी येतात. तेवढ्यावरून गोळ्या चालू करायच्या नसतात.

‘आजारी पडत नाही’ हे वर कुणी लिहिलंय ते मनावर घेऊ नका. पार्वो आणि डिस्टेंपरला जात कळत नाही. सहा ते आठ आठवड्यांदरम्यान पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तशा पुढच्या, तीन महिन्यांनंतर रेबीजची आणि ती दर वर्षी. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. मामेसासऱ्यांना आई-बापाचं आपसातलं नातं विचारा. खेड्यात चांगलं कुत्रं एकाच घरात असलं की बहीण-भाऊ, बाप-लेक सर्रास लावतात, आणि दोन-तीन पिढ्यांत दात, जबडा, स्वभाव सगळं बिघडत जातं. तुम्ही लिहिलंय दोन्ही त्यांच्याच घरचे, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आणि कृपा करून पिल्लाला मोटारसायकलमागे पळवू नका. वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंत हाडांची टोकं कच्ची असतात. शर्यतीच्या नादाने पोरं सहा महिन्यांच्या पिल्लाला डांबरी रस्त्यावर पळवतात, मग सांधा सुजून आणतात आणि मला इंजेक्शन मागतात.

माळावरचा:

डॉक्टरांनी नात्याचं विचारायला सांगितलं ते सगळ्यात मोलाचं. आमच्या गावात एक घराणं या एका चुकीपायी संपलं. कुत्री दिसायला देखणी होती, पण पावलाच्या आवाजानंसुद्धा दचकायची.

शेळ्यांचं: पिल्लू आठ-दहा आठवड्यांचं असताना शेळ्यांत आणा, शेळ्यांनीच दोन धडका दिल्या की कायमचा आदर राहतो. घरच्या शेळ्यांना ते घरातले समजतं. पण शेजाऱ्याचं करडू बांधावरनं उधळत गेलं तर ती हमी मी देणार नाही. कोंबड्यांचं अवघड आहे. फडफडाट झाला की त्याच्या डोक्यातलं काहीतरी चालू होतं. जाळीत ठेवा. मांजर चुलीपाशी बसलेलं असेल तोवर घरचं मांजर आहे, तेच अंगणातनं पळत सुटलं की नाही. घरातलं मांजर वयानं मोठं, खमकं असेल तर पिल्लाला वेळीच एक बोचकारा देईल, ते उत्तम.

फॉरवर्डचं काय सांगू. मुधोळचे घोरपडे आदिलशाहीचे सरदार. १६४८ मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद केलं त्यात बाजी घोरपडे पुढं होता, आणि १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मुधोळवर चालून जाऊन त्याचा हिशेब चुकता केला. आता या घराण्यानं महाराजांच्या फौजेत कुत्री नेली म्हणणाऱ्यानं आधी इतिहासाचं पाठ्यपुस्तक उघडावं. ग्रुपवर भांडू नका मात्र, लग्नसराईत तीच माणसं भेटायची असतात.

एक महत्त्वाचं राहिलं. त्याला सश्यामागं सोडायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका, सासऱ्यांनाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, कुत्रं मागं सोडून पाठलाग करणंही येतं, आणि तसा प्रयत्न करणंसुद्धा. ससा हातात सापडला नाही म्हणून गुन्हा टळत नाही. तुमच्याकडच्या माळावर खोकड आणि लांडगे अजून आहेत, नान्नजचं माळढोक अभयारण्य तुमच्या वाटेवरच आहे. मोकाट कुत्र्यानं डिस्टेंपर नेऊन सोडला तर लांडग्यांची पिल्लं जातात. पळवायचं तर आपल्या कुंपणात, दोरीला चिंधी बांधून. तेवढ्यानंही ते खूश असतं, चिंधी आणि ससा यात फरक करण्याइतका विचार त्या वेगात होत नसावा.

निशिगंध:

नातं विचारलं. बाप त्यांच्याच घरचा, पण तो निलंग्याहून आणलेला, आई इथली. म्हणजे सख्खं काही नाही. जाळीचं काम या महिन्यात करून घेतो, मगच पिल्लू आणू असं ठरलंय. सासरे म्हणतात भाकरी ते स्वतः चारणार, म्हणजे कुत्रं कोणाचं होणार ते दिसतंच आहे. नेहमीचा गळपट्टा चालेल ना?

माळावरचा:

नाही. याची मान डोक्याहून जाड, नेहमीचा पट्टा मागं ओढ घेतली की कानावरनं सरळ निघतो आणि कुत्रं रस्त्यावर मोकळं. दोन बोटं रुंद पट्टा घ्या, चामड्याचा किंवा कापडी, ओढला की थोडा आवळणारा, आणि तो मानेच्या वरच्या अंगाला, कानाच्या मागं बसवा. मिळाला नाही तर चांभाराकडनं करून घ्या, माप पिल्लू सहा महिन्यांचं झालं की द्या, त्याआधी साधा चालतो. भाकरी दुधात कुस्करून द्या, अंडं आठवड्यातनं दोन-तीनदा, आणि खाल्ल्याखाल्ल्या पळू देऊ नका. थंडीत खाली पोतं टाका, अंगावर मास नसल्यानं कोपरं फरशीवर घासून सोलतात.